पुस्तक कपाटात, पण सूचीत 'शेतकऱ्यांसाठी' सापडेना : मुक्त सॉफ्टवेअरला बदल पाठवण्याबद्दल

कातळफूल | रविवार, रात्री १०:४२

मंडळी, लिखाण जरा लांबणार आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी गेली सहा वर्षं महिन्यातले दोन रविवार जाते. नोकरी पुण्यात, काम प्रोग्रॅमिंगचं. वाचनालयाची ग्रंथसूची एका मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो अशा. ते बसवलं मी आणि सांभाळतेही मीच. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा दोष त्या एकट्याचा नाही.

गेल्या मे महिन्यात एक निवृत्त गुरुजी काउंटरपाशी आले. त्यांना फळबागेवरचं एक पुस्तक हवं होतं, नावात 'शेतकऱ्यांसाठी' असलेलं. फोनवरून सूचीत शोधलं तर 'नोंद आढळली नाही'. मी म्हटलं, बाहेर गेलं असेल. गुरुजी म्हणाले, "अगं, मार्चात मीच परत केलंय. ते बघ, तुझ्या मागच्या कपाटात, तिसऱ्या फळीवर." वळून पाहिलं तर खरंच तिथे. मग वाचनालयाच्या संगणकावर मी तोच शब्द टाइप केला, लगेच नोंद आली. गुरुजींच्या फोनवरून पुन्हा शोधलं, तर नाही.

रात्री घरी बसून दोन्ही शब्द सुटे केले आणि एकेका अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक ते अक्षर ज्या ठरलेल्या आकड्याने ओळखतो तो, छापून पाहिला. 'ऱ्या'मधला तो पापणीसारखा आडवा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत ऱ (क्रमांक ०९३१), मग हलन्त, मग य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र (०९३०), हलन्त, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, आणि मग य. त्या चिन्हाचा क्रमांक २००डी, प्रोग्रॅमर त्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत. दुसरी पद्धत जुन्या लेखनाशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली आहे. फॉन्ट दोन्ही सारखेच काढतो: शेतकऱ्यांसाठी, शेतकर्‍यांसाठी. यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. आमच्या सुरुवातीच्या चारएक हजार नोंदी जुन्या लेखनसुविधेतून झाल्या, त्या दुसऱ्या तऱ्हेच्या. गुरुजींचा फोन पहिल्या तऱ्हेचा.

युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची ठरलेली पद्धत, वापरूनही हे सुटत नाही. ते ऱ ला 'र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब)' यांच्याशी जुळवतं, अदृश्य चिन्हाला हातही लावत नाही. ॲ चं त्याहून अवघड. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन अॅ लिहीत, काही साधनं मध्ये तेच अदृश्य चिन्ह घालून अ‍ॅ लिहीत. दिसायला एकच अक्षर, रूपं तीन, आणि नॉर्मलायझेशन त्यांना एकत्र आणत नाही.

मी काय केलं? त्याच रात्री थेट सर्व्हरवरच्या कोडमध्ये बारा ओळी घातल्या. ऱ दिसला की र कर, अदृश्य चिन्ह दिसलं की काढून टाक. शोधताना आणि नोंद अनुक्रमित करताना (शोधासाठी यादीत लावताना), दोन्हीकडे. गुरुजींना फोन करून सांगितलं, त्यांनाही बरं वाटलं. ऑगस्टमध्ये सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, ती चढवली आणि माझ्या बारा ओळी पुसल्या गेल्या. माझ्या लक्षातही नव्हतं. दोन आठवड्यांनी पुन्हा गुरुजींचाच फोन.

तेव्हा ठरवलं की हा बदल मूळ प्रकल्पाला पाठवायचा. पॅच, म्हणजे कोडमध्ये करायच्या बदलाची फाइल, तयार केला, सोबत पानभर मजकूर लिहिला आणि पाठवला. एकोणीस दिवस काहीच नाही. मग मेंटेनरचं, म्हणजे तो प्रकल्प सांभाळणाऱ्याचं, उत्तर आलं. तो माणूस दुसऱ्या खंडातला, स्वतःही हे काम फावल्या वेळेत करणारा, देवनागरी न वाचणारा. त्याने तीन गोष्टी विचारल्या. हिंदी, नेपाळी, कोकणीचं यात काही बिघडतं का? अदृश्य चिन्ह सरसकट काढलं तर इतर लिप्यांचं काय? आणि टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम, कुठे आहेत?

खरं सांगते, पहिल्यांदा राग आला. एवढं समजावून लिहिलं आणि याला टेस्ट हव्यात. तरी लिहायला बसले. पहिलीच टेस्ट लिहिली: 'दर्या' शोधला तर 'दऱ्या' येता कामा नये. ती नापास झाली.

कारण माझा बदलच चुकीचा होता. अदृश्य चिन्ह काढलं की उरतो र, हलन्त, य, म्हणजे रफाराचा 'र्य'. माझ्या बारा ओळींनी सह्याद्रीच्या दऱ्या समुद्रात नेऊन सोडल्या होत्या. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना शोधलं तर आचार्यांना समोर आणत होत्या. तीन महिने आमच्या सूचीत हे चाललं होतं आणि कोणालाच कळलं नव्हतं, मलासुद्धा नाही. मराठी न येणाऱ्या त्या माणसाने टेस्ट मागितली नसती तर आजही कळलं नसतं.

आता नियम उलटा केलाय. अदृश्य चिन्ह सरसकट काढायचं नाही. 'र, हलन्त, चिन्ह, य' अशी साखळी दिसली तरच तिचं 'ऱ, हलन्त, य' करायचं. दऱ्या दऱ्याच राहतात, दर्या दर्याच. ॲ च्या तिन्ही रूपांचं एक करायचं.

मागणं असं: मला शब्द हवेत. तुमच्या बोलीतले, तुमच्या कामातले, ज्यांत हा र येतो ते. आणि बदल चालवून पाहणारी चार माणसं हवीत. प्रोग्रॅमिंग यायला हवं असं काही नाही. मराठीचा हा दोष दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडणारच नाही, तो आपल्यालाच दाखवावा लागेल.

---

मीठगर | रविवार, रात्री ११:३०

ताई, वाचनखूण साठवली. त्या बारा ओळींबद्दल लिहायलाच हवं, कारण माझं हे दुखणं जुनं आहे.

मी परदेशात असताना तिथल्या एका मराठी मंडळाचं संस्थळ सांभाळायचो, ड्रुपल या संस्थळं उभारण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरवर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ड्रुपल बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात जन्मलं. ड्राइस बाउटार्टने मित्रांना एकमेकांना निरोप लिहिता यावेत म्हणून केलेली सोय ती. २००१ च्या जानेवारीत त्याने कोड खुला केला आणि पुढे जगभरातल्या लोकांनी तो वाढवला. त्या लोकांत एक वाक्य पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडून सांगतात: कोअरला, म्हणजे मूळ कोडला, हात लावू नका. भर घालायची तर मॉड्यूल (वेगळा जोडायचा भाग) लिहा, दोष असेल तर पॅच पाठवा.

आम्ही हात लावला होता. एक-दोन नाही, अकरा ठिकाणी. वर्गणीची पावती हवी तशी यावी, गणेशोत्सवाची नोंदणी सोपी व्हावी, प्रत्येक वेळी कोणीतरी हौसेने कोअरच्याच फायलीत दोन ओळी घातलेल्या. मूळ प्रकल्पाला एकही पाठवली नाही. का? 'आपल्यापुरतं झालं ना' म्हणून.

१५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधली एसक्यूएल इंजेक्शनची (बाहेरच्याला डेटाबेसला हवे ते हुकूम देता येण्याची) भयंकर फट जाहीर झाली. दुरुस्ती एका ओळीची होती. पण पूर्ण आवृत्ती चढवली तर आमचे अकरा बदल जातील या धास्तीने आम्ही चार दिवस चर्चा करत बसलो. महिनाअखेरीस ड्रुपलच्या सुरक्षा चमूने सांगितलं की जाहीर झाल्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपलं संस्थळ फोडलं गेलंय असंच धरून चालावं. सात तास! आम्ही चार दिवस घेतले होते. शेवटी जुन्या बॅकअपवरून सगळं नव्याने उभं केलं आणि मधल्या काळातल्या नोंदण्या सभासदांना फोन करकरून पुन्हा लिहून घेतल्या. ते फोन मी केले, म्हणून विसरत नाही.

तेव्हापासून माझा नेम आहे. आपल्यापुरता बदल केला की त्याच आठवड्यात तो मूळ प्रकल्पाला पाठवायचा. घेतला तर उत्तम. नाही घेतला तर का नाही ते तरी कळतं.

---

पानगळ | सोमवार, सकाळी ९:१५

कातळफूल, मी ग्रंथपाल आहे, अमरावतीकडच्या एका महाविद्यालयात. प्रोग्रॅमिंगचा गंध नाही. पण 'प्रोग्रॅमिंग यायला हवं असं काही नाही' हे तुमचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं, कारण आमच्या क्षेत्रात हे रोज घडतं.

आम्ही कोहा हे वाचनालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या लहानशा भागातल्या वाचनालयांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडलं की बंद पडणार होतं. नवं विकत घेण्यापेक्षा त्यांनी काटिपो नावाच्या स्थानिक कंपनीकडून लिहून घेतलं आणि जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुलं केलं. जानेवारी २००० मध्ये ते सुरू झालं. कोहा हा माओरी शब्द. अर्थ भेट, पण एका हाताने घेऊन विसरून जाण्याची नव्हे. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत ना, तसलं काहीसं.

कोहाचा बदल मुख्य कोडमध्ये जातो कसा, ते बघा. ज्याने पॅच लिहिला त्याला स्वतःच 'तपासलं' असं म्हणता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी तो चालवून पाहायचा आणि आपल्या नावाने सही करायची. त्याला साइनऑफ म्हणतात. त्यानंतर गुणवत्ता चमू बघतो, मग आवृत्तीचा प्रमुख आत घेतो. आणि ती पहिली सही ग्रंथपालही करू शकतो. त्यासाठी सँडबॉक्स आहेत, म्हणजे पॅच लावून तयार ठेवलेला चालता कोहा, ब्राउझरमध्ये उघडतो. आपण आपलं रोजचं काम करून बघायचं आणि लिहायचं: पहिली पायरी बरोबर, दुसरी बरोबर, तिसऱ्या पायरीला अमुक दिसलं.

मी पहिली सही केली तेव्हा हात थरथरत होता. बदल क्षुल्लक होता, मुदत उलटलेल्या पुस्तकांच्या यादीतला एक स्तंभ. पण तो लिहिणारा प्रोग्रॅमर कित्येक आठवडे थांबला होता, फक्त कोणीतरी चालवून बघावं म्हणून. पुस्तक परत न येण्याची कटकट त्याला ठाऊक नव्हती, मला होती. एका ठिकाणी तारखा उलट्या क्रमाने येत होत्या, त्या मी दाखवल्या. त्याने दुरुस्त केलं. मी सही केली. आता ती यादी उघडली की मला तो स्तंभ दिसतो.

तर चालवून पाहणाऱ्या चार जणांत माझं नाव घाला. आणि एक शंका. तुमचा नियम 'ऱ्य'पुरताच आहे का? मग आमचं वऱ्हाड कुठे जाईल? वऱ्हाड, पऱ्हाटी, बिऱ्हाड, कुऱ्हाड, गिऱ्हाईक, गुऱ्हाळ, चऱ्हाट, तऱ्हा. इकडे 'ऱ्ह' पावलोपावली आहे.

---

कातळफूल | सोमवार, सकाळी ९:४०

पानगळताई, चुकलंच. नियम 'ऱ्य'चाच लिहिलाय. 'तऱ्हांनी' हा शब्द मी स्वतः वरती लिहिलाय आणि तरी सुचलं नाही! आज रात्री 'ऱ्ह' घालते. 'अर्हता'सारखे रफाराचे शब्द जागेवर राहायला हवेत, त्याचीही टेस्ट लिहिते. तुमची यादी जशीच्या तशी घेतली.

---

उंबरठा | सोमवार, दुपारी १:०५

मेंटेनरच्या नेपाळीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. इथे बंगळूरला माझ्या शेजारच्या टेबलावर एक नेपाळी सहकारी बसतो. जेवताना त्याला हा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, हा र आमच्याकडे तुमच्याहून जास्त. गर्‍यो म्हणजे केलं, पर्‍यो म्हणजे पडलं. भूतकाळ बोलायचा तर त्याच्याशिवाय वाक्यच होत नाही, आणि नेपाळीत तो अदृश्य चिन्हाच्या पद्धतीनेच लिहिण्याचा रिवाज. म्हणजे हा बदल नेपाळी वाचकांच्याही उपयोगाचा आहे. त्याच्याकडून वीस शब्द घेतलेत, रात्री टाकतो. मेंटेनरला लिहाल तेव्हा हे अवश्य लिहा. 'माझ्या भाषेसाठी' म्हणण्यापेक्षा 'दोन भाषांसाठी' म्हटलं की तुमची बाजू भक्कम होते.

आता कोड वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण देवनागरी मोडण्याच्या जागा बऱ्याच आहेत आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी पॅच पाठवायला हवा.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधण्याच्या सूत्रात) 'शब्दातलं अक्षर' म्हणून बॅकस्लॅश डब्ल्यू वापरतात. त्याच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही अक्षरं नाहीत. 'किल्ला' त्यातून काढला की हाती येतं क, ल, ल. तीन तुकडे. ज्या सॉफ्टवेअरने शब्द वेगळे करायला हा मार्ग वापरलाय तिथे मराठी शोध मोडणारच. इंग्रजी मजकुरावर ही चूक कधीच दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

दुसरं, लांबी मोजणं. 'ज्ञानेश्वरी' आपल्या लेखी चार अक्षरं: ज्ञा, ने, श्व, री. यंत्र मोजतं अकरा. शीर्षक ठरावीक लांबीला कापणारा कोड मग 'ज्ञानेश्' असं हलन्त लोंबकळत ठेवतो. २०२३ साली आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसारख्या लिप्यांतलं जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आलाय. पण नियम आला म्हणून जुना कोड आपोआप बदलत नाही, कोणीतरी बसून तो बदलावा लागतो.

---

नवा_गडी | सोमवार, रात्री ८:२०

ताई, मी तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग. मला यात काम करायचंय, पण एक कबूल करून टाकतो. २०२० च्या हॅकटोबरफेस्टच्या (मुक्त सॉफ्टवेअरला बदल पाठवण्याच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमाच्या) वेळी मी शाळेत होतो. मोठ्या भावाने दाखवलं की चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा हा बदल घ्या' अशा विनंत्या, पाठवल्या की टी-शर्ट मिळतो. मी अनोळखी प्रकल्पांच्या माहितीच्या फायलीत उगाच एखादा शब्द घालून पाठवलं. तेव्हा सगळीकडून असलाच कचरा येत होता. मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला आणि जे प्रकल्प स्वतःहून 'आम्हाला चालेल' म्हणतील तेवढेच धरायचे असं ठरलं. एका मेंटेनरने माझी रिक्वेस्ट बंद करताना लिहिलं होतं, 'कृपया आमचा वेळ घेऊ नका.' ते अजून लागतं.

आता काहीतरी नीट करायचंय. पण सुरुवात कुठून करायची कळत नाही. एवढा मोठा कोड बघून घाम फुटतो.

---

कातळफूल | सोमवार, रात्री ९:००

अरे, चौदा-पंधरा वर्षांचा होतास तू. आता लागतंय हीच चांगली खूण आहे.

सगळा कोड वाचायला जाऊ नकोस. मीसुद्धा वाचलेला नाही. मी 'नोंद आढळली नाही' हे वाक्य कोडमध्ये शोधलं आणि तिथून उलट चालत गेले: हे वाक्य कोण छापतं, त्याला कोण हाक मारतं, शोधाचा शब्द त्याच्याकडे कुठून येतो. तीन फायलींत काम झालं. तू पण असंच एक टोक पकड.

तुझ्यासाठी काम सांगते. पानगळताईंनी दिलेले शब्द आणि उंबरठा देणार आहेत ते नेपाळी, या सगळ्यांच्या टेस्ट लिही. प्रत्येक शब्द दोन्ही तऱ्हांनी. आणि त्यांच्यासोबत न बदलणारे: दर्या, पर्याय, कार्यालय, सूर्याला, आचार्यांना, अर्हता. टेस्ट लिहिणाऱ्याला कोड आपोआप कळत जातो. पाठवण्याआधी मला दाखव, मी बघते. पाठवताना तुझ्या कमिटवर, म्हणजे तू केलेल्या बदलाच्या नोंदीवर, तुझंच नाव राहील.

---

भिंगरी | मंगळवार, सकाळी ७:५०

सगळे चांगलं बोलताहेत, मी थोडं वेगळं बोलते. रागावू नका.

मी नऊ वर्षं एका लहान लायब्ररीची (कोडची लायब्ररी, पुस्तकांची नव्हे) सहमेंटेनर होते. आता सोडलंय. तुम्ही बदल पाठवण्याबद्दल बोलताय, मी बदल घेणाऱ्याच्या बाजूने सांगते. नवी सोय पाठवणारा माणूस दोन शनिवार खपतो, आनंदाने पाठवतो आणि निघून जातो. ती सोय पुढे सांभाळायची आम्ही. एकाने तारखेसाठी सुंदर कॅलेंडर करून पाठवलं होतं. काम देखणं होतं, मी घेतलं. पुढची चार वर्षं त्या कॅलेंडरच्या तक्रारी माझ्याकडे. लिहिणाऱ्याला मेल केली तर उत्तर नाही. नंतर मी नाही म्हणायला शिकले, तर लोक म्हणायचे, किती शिष्ट आहे ही.

आणि दबाव कसा असतो ते २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्या जगाने पाहिलं. एक्सझेड हे दाबून साठवण्याचं साधन, असंख्य लिनक्स यंत्रांवर असणारं, वर्षानुवर्षं जवळपास एकट्या माणसाच्या खांद्यावर. बदल लवकर घेत नाहीस, दुसऱ्या कोणाला तरी दे, म्हणून लोकांनी त्याला मेलवर टोचलं. मदतीला आलेल्या एकाने दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला, हक्क मिळवले आणि मग चोरदरवाजा घातला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रॅमरला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही, म्हणून.

तेव्हा कातळफूल, एकोणीस दिवसांनी उत्तर आलं म्हणून त्या माणसाला दोष देऊ नका, एवढंच. तुम्ही दिलेला नाही हे दिसतंय. पण इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते.

---

मीठगर | मंगळवार, सकाळी ८:३५

भिंगरी, पटलं. फक्त एका गोष्टीत मत वेगळं आहे. दोषदुरुस्ती आणि नवी सोय यांना एका मापाने मोजू नये. कॅलेंडर नसलं तर अडत नाही. शोधात मराठी शब्द न सापडणं ही नवी सोय नव्हे, जे आहे तेच आपल्यापुरतं मोडकं असणं आहे. ते दुरुस्त करून देणारा मेंटेनरचं ओझं कमीच करतो, टेस्ट सोबत असल्या तर.

सोय पाठवायचीच असेल तर कोड लिहिण्याआधी विचारावं. 'मला हे करायचंय, तुम्हाला हवंय का, पुढची दोन वर्षं मी सांभाळीन.' मी हे उशिरा शिकलो. एकदा सहा आठवडे खपून केलेलं काम एका ओळीच्या उत्तरात परत आलं: हे आम्हाला मुख्य कोडमध्ये नको, वेगळं मॉड्यूल करा. आधी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

---

भिंगरी | मंगळवार, सकाळी ९:१०

'पुढची दोन वर्षं मी सांभाळीन' हे वाक्य नऊ वर्षांत मला कोणी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मी अजून तिथे असते.

कातळफूल, तुमचा पॅच मला पाठवा. कोड मी वाचते. मेंटेनर म्हणून जे जे विचारलं असतं ते आधीच विचारते, म्हणजे त्या बिचाऱ्याच्या दोन फेऱ्या वाचतील.

---

कातळफूल | बुधवार, रात्री ११:२०

भिंगरीताईंनी चौदा शेरे दिले. अकरा बरोबर होते, तीन ठिकाणी वाद घातला आणि त्यांतल्या दोन ठिकाणी मीच हरले. सगळ्यात कामाचा शेरा असा: साठवलेली मूळ नोंद बदलू नका, फक्त शोधासाठीचं रूप बदला. मी नोंदच बदलत होते. एखाद्याने जुन्या पद्धतीने लिहिलेलं नाव हा त्याचा मजकूर आहे, तो पुसण्याचा अधिकार शोधयंत्राला नाही. आता तसं केलंय.

नव्या गड्याने सत्तेचाळीस टेस्ट लिहिल्या. सगळ्या पास. मेंटेनरला लिहिलंय की हे मराठी आणि नेपाळीसाठी आहे, इतर लिप्यांतलं अदृश्य चिन्ह आम्ही शिवत नाही, आणि पुढच्या दोन वर्षांत या भागात काही मोडलं तर माझ्याकडे पाठवावं. एका चाचणी सर्व्हरवर आमच्याच वाचनालयाची सूची ठेवून पॅच लावलाय. पत्ता वैयक्तिक निरोपातून देते. बघा चालवून.

---

पानगळ | शनिवार, दुपारी ४:३०

आज सुट्टी होती, बसून चालवलं. अर्धे शब्द फोनवरून टाइप केले, अर्धे महाविद्यालयातल्या संगणकावर इनस्क्रिप्ट या कळफलकाने, शिफ्ट आणि जे दाबून येणाऱ्या ऱ ने. पायरीपायरीने लिहिते.

शेतकऱ्यांसाठी: सापडलं, दोन्हीकडून. दऱ्या: सापडल्या, दर्या त्यात आला नाही. आचाऱ्यांना, आचार्यांना: वेगवेगळे आले. वऱ्हाड, बिऱ्हाड, गुऱ्हाळ: सापडले. अर्हता: सापडली, जागेवर आहे. ॲल्युमिनियम: तिन्ही रूपांनी तीच नोंद आली.

एक सापडलं नाही. व्याकरणाच्या एका पुस्तकासाठी 'ऱ्हस्व' टाइप केलं. सूचीत ते जुन्या पद्धतीने लिहिलेलं आहे, डोळ्यांनी दिसतंय. शोध म्हणतो, नोंद आढळली नाही. 'ऱ्हास'चंही तसंच. म्हणून सही करत नाही. कारण मला सांगता येणार नाही, पण दोन्ही शब्दांत तो र अगदी पहिला आहे, एवढं लक्षात आलं.

---

कातळफूल | शनिवार, दुपारी ५:०५

ताई, अगदी तिथेच आहे! नियम लिहिताना मी 'आधी एखादं अक्षर असायला हवं' अशी अट घातली होती. हा र शब्दाच्या मध्येच येतो असं डोक्यात पक्कं बसलेलं. भिंगरीताईंच्या नजरेतून आणि सत्तेचाळीस टेस्टमधूनही सुटलं, कारण आमच्या यादीत एकही शब्द त्या रने सुरू होत नव्हता.

अट काढली.

---

नवा_गडी | शनिवार, संध्याकाळी ५:४०

ऱ्हस्व, ऱ्हास, ऱ्हासाला. तिन्ही दोन्ही तऱ्हांनी घातले. आता त्रेपन्न टेस्ट, सगळ्या पास.

---

कातळफूल | शनिवार, संध्याकाळी ६:१५

चाचणी सर्व्हरवर नवा पॅच चढवलाय आणि सूची पुन्हा अनुक्रमित केलीये. पानगळताई, जमेल तेव्हा एकदा 'ऱ्हस्व' शोधून बघाल का?